शाळेंतला धडा आणि घरांतलें वाचन

(गिरगांव येथें कष्टकरी कुटुंबांच्या मेळाव्यापुढें आम्ही केलेलें भाषण)



मुलास धर्मसंस्थेच्या शाळेंत घालावें कीं नाहीं, असें पुष्कळ आईबाप आम्हांस विचारतात. शाळा जवळ आहे, शिस्तहि बरी आहे. पण मूल तिकडचेंच होऊन बसलें तर काय, ही त्यांची धास्ती. ही धास्ती आजची नव्हे. या गिरगांवानें ती पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं पाहिली आहे.

स्कॉटलंडचे पाद्री जॉन विल्सन हे सन १८२९ त मुंबईस आले. ते मराठी शिकले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीं मुलींच्या शाळा काढल्या, आणि सन १८३२ त याच गिरगांवांत आंब्रोळी येथें विल्सन यांची इंग्रजी शाळा सुरू झाली. तिचेंच पुढें विल्सन कॉलेज झालें.

मिशनच्या शाळांतला धडा पंतोजीच्या शाळेहून निराळा होता. पंतोजीकडे पोर धुळपाटीवर अक्षर गिरवी, मोडी शिके, पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ करी. हिशेबास तें उपयोगी खरें; पण छापील पुस्तक त्याच्या हातीं क्वचितच पडे. अस्पृश्य मानलेल्यांच्या पोरास त्या ओटीवर जागा नसे. मुलींची तर गोष्टच नको. मिशनच्या शाळेंत वाचन, लेखन, गणित, भूगोल शिकवीत, आणि त्यांच्या जोडीस बायबलांतील वेंचे. हेतु धर्मप्रसाराचा होता, हें पाद्र्यांनीं लपविलें नाहीं. पण गरिबाच्या पोराच्या हातीं पुस्तक आलें, हेंहि तितकेंच खरें.

सन १८३९ त विल्सन यांच्या शाळेंतल्या दोन पारशी मुलांनीं बाप्तिस्मा घेतला. शहरांत गहजब झाला, प्रकरण कोर्टांत गेलें, आणि आईबापांनीं आपलीं मुलें धडाधड शाळेंतून काढून नेलीं. त्या आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. पोटच्या पोराची काळजी कोणास नसते?

परंतु आतां मिशनच्या शाळांतल्याच दुसऱ्या दोन मुलांची गोष्ट ऐका. एक कासाराचा मुलगा, बाबा पदमनजी. बेळगांवांत व मुंबईंत मिशनच्या शाळांतून शिकले आणि सन १८५४ त ख्रिस्ती झाले. तें कां केलें याचा सगळा जबाब त्यांनीं पुढें ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रांत दिला. दुसरा माळ्याचा मुलगा, जोतीराव फुले. लोकांच्या सांगण्यावरून बापानें त्यांस एकदां शाळेंतून काढलें होतें. शेजारचे गफ्फार बेग मुनशी व लिजिटसाहेब यांनीं बापाची समजूत घातली, तेव्हां सन १८४१ त ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. तेहि बायबलाचे धडे शिकले. पण ते ख्रिस्ती झाले नाहींत. सन १८४८ त त्यांनीं स्वतःच मुलींची शाळा काढली.

धडा एकाच जातीचा, मग वाटा दोन कां झाल्या? आमचें उत्तर असें कीं, दोघांनींहि धड्याबाहेरचें वाचलें आणि स्वतःच्या डोक्यानें ठरविलें. माणसाच्या हक्कांवरचें टॉमस पेन यांचें पुस्तक जोतीरावांस शाळेच्या धड्यानें दिलेलें नव्हतें. तें त्यांनीं आपण होऊन वाचलें. म्हणून आम्ही सांगतों, परक्या धर्माच्या धड्यास भिऊं नका. जें मूल एकच पुस्तक वाचतें, त्यास भ्या. मग तें पुस्तक बायबल असो, पोथी असो, कीं सरकारी वाचनमाला असो. एकच दाणा पेरणाऱ्याचें शेत एकाच किडीनें जातें.

दुसरें भय याहून मोठें. पोर चौथी-पांचवीपर्यंत जातें, परीक्षेपुरतें घोकतें, आणि शाळा सुटली कीं दोन-चार वर्षांत अक्षर विसरतें. मग सात-बाराच्या उताऱ्यावर काय लिहिलें आहे, कर्जाच्या कागदावर व्याज किती, हें दुसऱ्यास विचारावें लागतें. तेथें फसतो तो कोण? आम्हीच. म्हणूनच सन १८८२ त हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंत सक्तीचें शिक्षण मागितलें, आणि त्यांत मोडी, बाळबोध, हिशेब, शेतकी व आरोग्य यांचे धडे असावेत असें सांगितलें.

कायदाहि माहीत असूं द्या. सरकारी पैशानें पूर्णपणें चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत आईबापांच्या संमतीवांचून मुलास धर्माच्या तासास बसवितां येत नाहीं. हें संविधानाचें २८ वें कलम. हात जोडण्याचें कारण नाहीं. शांतपणें नाहीं म्हणा, आणि बाकीचें शिक्षण पुरतें पदरांत पाडून घ्या.

आतां घरचें काम. दर महिन्यास शाळेच्या बाहेरचें एक पुस्तक घरांत आणा; वाचनालयांतून आणा, नाहींतर चार घरांनीं मिळून घ्या. पहिल्या आठवड्यांत मुलानें तें दिवेलागणीस मोठ्यानें वाचावें. दुसऱ्यांत अडलेले शब्द विचारून घ्यावेत. तिसऱ्यांत तें पुस्तक आजीस आपल्या शब्दांत सांगावें. चौथ्यांत त्यावर गांवाकडच्या मामास पत्र लिहावें. आईस वाचतां येत नसलें तरी ती परीक्षा घेऊं शकते. “मग पुढें काय झालें? आणि तुला तें पटलें काय?” एवढेच दोन प्रश्न तिनें विचारावेत. पहिल्यानें पाठांतर कळतें, दुसऱ्यानें डोकें उघडतें.

मुलगा व मुलगी यांत येथें भेद करूं नका. मुलगी भाकरी थापतांना भावानें वाचावें, आणि भाऊ पाणी भरतांना तिनें वाचावें.

शाळा कोणाचीहि असो, अक्षर आपलें आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस प्रत्येकाच्या घरीं एक पुस्तक उघडलेलें असावें, एवढी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.