औषध आणि औषध देणारा

कांहींच न झालेला रोगी डॉक्टरला जितका त्रास देतो, तितका विषमज्वराचा रोगीही देत नाहीं. डोकें दुखतें, छाती धडधडते, झोंप येत नाहीं. रक्त तपासावें तर सर्व ठीक! ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं,’ असें सांगून डॉक्टर मोकळा होतो. रोगी मात्र पुढील आठवड्यास तेंच दुखणें घेऊन पुन्हा हजर.

१९४८ च्या जुलैमध्यें ब्रिटनांत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्यानंतर थोड्याच काळानें, १९५० च्या सुमारास, असे रोगी ज्यांना नित्य भेटत ते कांहीं डॉक्टर लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें दर आठवड्यास एकत्र बसूं लागले. बैठकीचे चालक मायकेल बालिंट हे मूळचे बुडापेस्टचे; जन्म १८९६ चा, वडीलही डॉक्टर. फ्रॉइड यांचे सहकारी फेरेन्त्सी यांच्यापाशीं मनोविश्लेषण शिकून ते १९३९ मध्यें इंग्लंडांत आले होते. नुसत्या व्याख्यानांनीं डॉक्टर सुधारेल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नव्हता हें बरेंच झालें. पोहण्यावरील प्रवचन ऐकून कोण पोहूं लागला आहे?

बैठकींत एकानें आपल्या रोग्याची हकीकत सांगावयाची, तीही टिपणाचा कागद हातीं न घेतां. सांगणारा काय विसरतो, कोठें अडखळतो, कशानें त्याचा आवाज चढतो, हाही पुरावाच. इतरांनीं उपाय सुचविण्याची घाई करावयाची नाहीं. त्यांनीं विचारावयाचें तें हें, कीं हा रोगी दारांत दिसतांच तुम्हांला काय वाटतें? कंटाळा, राग, कींव, कीं भीति? डॉक्टरच्या मनांतील हा तरंग दुर्बलता म्हणून दडपावयाचा नसून, रोग्याच्या स्थितीची खूण म्हणून वाचावयाचा, असें बालिंट यांचें म्हणणें. समजा, एक वृद्ध विधवा दर सोमवारीं येते, आणि ती बोलूं लागतांच डॉक्टरची नजर घड्याळाकडे जाते. तेव्हां बैठकींतील कोणी विचारतो, ‘तिच्या घरचीं माणसेंही असेंच घड्याळ पाहात असतील काय?’ पुढच्या सोमवारीं डॉक्टर लेखणी खालीं ठेवतो.

एक मर्यादा मात्र कटाक्षानें पाळली जाई. डॉक्टरच्या स्वतःच्या संसाराची उकल तेथें होत नसे. चर्चा त्याच्या कामापुरतीच. नाहीं तर त्या बैठकीचा चव्हाटा होण्यास वेळ लागला नसता.

१९५७ मध्यें या अनुभवावर बालिंट यांचें पुस्तक निघालें. डॉक्टर सर्वांत अधिक वापरतो तें औषध म्हणजे तो स्वतः. परंतु या औषधाची मात्रा किती, त्यानें अपाय कोणते, हें कोणत्याही ग्रंथांत सांगितलेलें नाहीं, हा त्यांतील मुख्य मुद्दा. रोगी एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि निर्णयाची जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं, हेंही त्यांनीं स्पष्ट दाखविलें.

बालिंट १९७० मध्यें वारले. त्यांच्या नांवाचे गट आज अनेक देशांत भरतात. जर्मनींत डॉक्टरांच्या कांहीं अभ्यासक्रमांत अशा गटांतील हजेरी आवश्यकच आहे. यांत वेळ फार मोडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाहीं. एका रोग्याच्या हकीकतीसाठीं आठ-दहा डॉक्टरांनीं बसावयाचें, आणि असें कांहीं वर्षें बसल्यावांचून ‘तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं’ म्हणण्याची जुनी संवय सुटत नाहीं.