जाहिरात आणि भाषणस्वातंत्र्य

देवगडच्या आंब्याची पेटी मुंबईच्या बाजारांत पोहोंचते तेव्हां बागाईतदार तेथें नसतो. त्याच्या वतीनें बोलते ती पेटीवरील चिठ्ठी, आणि ऐपत असल्यास वर्तमानपत्रांतील चार ओळींची जाहिरात. हें बोलणें राज्यघटनेच्या १९ व्या कलमांतील भाषणस्वातंत्र्यांत मोडतें काय? या प्रश्नाचा निकाल लागण्यास जवळजवळ तीन तपें लागलीं.

१९५९ च्या डिसेंबरांत हमदर्द दवाखान्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें प्रतिकूल उत्तर दिलें. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा तेव्हां वादांत होता. केवळ व्यापारासाठीं दिलेली जाहिरात म्हणजे विचारांचा प्रसार नव्हे, असें न्यायालयानें म्हटलें. भोळ्या रोग्याला वांचविण्याचा हेतु योग्यच होता. पण त्यासाठीं घातलेलें कुंपण प्रामाणिक दुकानदारालाहि आड आलें.

दोन वर्षांच्या आंत, १९६१ सालीं, पुण्याच्या ‘सकाळ’ पत्राच्या खटल्यानें दुसरी बाजू पुढें आली. पत्राचीं पानें, किंमत व जाहिरातींची जागा यांचें प्रमाण सरकारनें ठरवावें, असा कायदा १९५६ सालीं झाला होता. न्यायालयानें तो रद्द ठरविला. जाहिराती घटल्या कीं पत्र महागतें, महागलें कीं वाचक कमी होतात. आणि वाचक कमी करणें म्हणजे पत्राचा आवाजच दाबणें. मालवणांत सकाळीं चहाबरोबर वाचलें जाणारें पत्र स्वस्त पडतें तें अशासाठीं, कीं त्याच्या खर्चाचा वांटा कुठल्यातरी कापडवाल्यानें वा सराफानें आधींच उचललेला असतो. वाचकाला ही गोष्ट सहसा आठवत नाहीं.

मग १९९५ सालीं मुंबईचाच खटला आला. टाटा प्रेसनें व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचीं ‘पिवळीं पानें’ छापलीं, आणि महानगर टेलिफोन निगमनें त्यांना हरकत घेतली. न्यायालयानें यावेळीं व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचें संरक्षण दिलें; इतकेंच नव्हे, तर ती माहिती मिळण्याचा ग्राहकाचाहि हक्क मानला. खोट्या व फसव्या जाहिरातीला मात्र हें संरक्षण नाहीं.

बागाईतदाराची अडचण नेमकी येथेंच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापुसाला २०१८ सालीं भौगोलिक नाममुद्रा मिळाली. तरी परप्रांतींच्या फळावर ‘देवगड’ अशी चिठ्ठी चिकटविण्यास गोंद आणि कागद एवढेंच लागतें. खऱ्या चिठ्ठीला संरक्षण आहे, खोटीला नाहीं. पण बाजारांत दोन्ही शेजारीं मांडलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक पेटी उघडतें तें पैसे मोजून घरीं गेल्यावर.