साथींतला खेळ

१९३४-३५ पासून महायुद्धांतहि न खंडलेली रणजी स्पर्धा २०२०-२१ सालीं कोरोनामुळें प्रथमच झाली नाहीं. द्रव्यबळाची आय. पी. एल. मात्र २०२० मध्यें अरब अमिरातींत पार पडली. फेब्रुवारी २०२१ मध्यें यवतमाळ जिल्ह्यावर निर्बंध आले; शाळा-कॉलेजें मिटलीं. एप्रिलांत आय. पी. एल. भारतांत भरली, आणि खेळाडूंनाच लागण होऊन ४ मे रोजीं थांबली. द्रव्याचा कोट रोगास अडवीत नाहीं!

साथींत खेळ थांबविणें शहाणपणाचेंच. परंतु त्याचा भार कोणीं वाहावा? रणजीपटूंस सप्टेंबर २०२१ मध्यें निम्मी सामना-फी भरपाई म्हणून जाहीर झाली. यवतमाळच्या कॉलेजांतील धावपटूचें उमेदीचें वर्ष मात्र कोणत्या खतावणींत मांडावयाचें? ज्या समाजानें मैदान बंद केलें, त्यानेंच त्याला दुसरी संधि देणें न्यायाचें होय.