राखेच्या बुधवारानंतरचा तिसरा दिवस

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सोहळ्यांत स्तुतिस्तोत्रें गावीं, पूर्वजांचें स्मरण करावें, हें उचितच होय. परंतु आज आम्हीं अशा एका दुखण्याचा विषय निवडला आहे, कीं ज्याचें नांव सातारा-सांगलीकडील आपल्या घरांत दार लावून घेतल्याशिवाय कोणी काढीत नाहीं. तें दुखणें दुहेरी आहे: दारूचें व्यसन आणि मनाचा विकार.

वर्षानुवर्षें रोज पिणारा एखादा गृहस्थ राखेच्या बुधवारीं कपाळीं राख लावून घेतो, क्रूसासमोर शपथ वाहतो आणि त्या क्षणापासून दारूस शिवत नाहीं. घरच्यांस हर्ष होतो. गुरुवारीं त्याचे हात कांपूं लागतात, झोंप उडते, घामाच्या धारा लागतात. शुक्रवारीं-शनिवारीं तो भिंतीवर किडे पाहतो, मेलेल्या माणसांशीं बोलतो, पोटच्या मुलासही ओळखीत नाहीं. मग शेजारीपाजारी म्हणतात, "ह्यास बाहेरची बाधा झाली." कोणी देवऋषाकडे धांवतो, कोणी त्यास खाटेस बांधून उशाशीं जपमाळ ठेवतो.

ही बाधा नव्हे. रोजच्या दारूनें मेंदूवर जें दडपण बसलेलें असतें, तें एकाएकीं उठलें म्हणजे मेंदू बेफाम होतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरें येऊं शकतें, पुढें भ्रम होतो, आणि उपचार न मिळाल्यास मनुष्य दगावतोही. डॉक्टर अशा वेळीं मेंदू शांत करणारीं औषधें देऊन तीं क्रमानें कमी करितात व ब-१ जीवनसत्त्व टोंचतात. तें फार कमी पडल्यास स्मृति कायमची जाण्याचा धोका असतो. शपथ घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. जो रोज पितो त्यानें शपथेच्या आधीं डॉक्टरकडे जावें, एवढेंच.

माताभगिनींस आणखी एक विनंती. रोग्यास न कळत भाजींत कालवून द्यावयाचीं औषधें जाहिरातींतून खपविलीं जातात. त्यांत डायसल्फिराम असलें आणि वर दारू पोटांत गेली, तर रक्तदाब खालावून प्राणावर बेततें. हेंच औषध रोग्याच्या संमतीनें व डॉक्टरच्या देखरेखीखालीं उपयोगी पडतें. चोरून दिलें तर तें विषासमान आहे.

दारू सुटली म्हणजे सर्व झालें, असेंही नाहीं. कित्येकांनीं पेला धरला तोच मुळीं झोंप यावी, भीति जावी, कानांतले आवाज थांबावे म्हणून. त्यांच्या मनाचा विकार तसाच ठेवून केवळ दारू सोडविणें म्हणजे गळक्या छपराखालीं भुई सारवणें. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण काढलें, तें येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत, ही गोष्ट ह्या दृष्टीनें ध्यानांत घेण्याजोगी आहे. आपल्यापैकीं फादर जो परेरा ह्यांनीं तत्पूर्वीं, १९८१ सालीं, वांद्र्यास कृपा फाउंडेशन स्थापिलें. आपल्या भागांत साताऱ्यास परिवर्तन संस्थेचें व्यसनमुक्ति-केंद्र आहे. तिच्या उभारणीमागील डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे, वैद्यक शिकले मिरजेस. धर्माविषयीं त्यांचीं मतें आपल्याहून निराळीं होतीं. म्हणून त्यांचें ऋण अमान्य करणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्यासाठीं माणसास बांधणें, मारणें हा गुन्हा ठरला.

वेड्यास मारून शहाणें करण्याची रीत अर्थात् आपल्याच देशांतली नव्हे. सोळाव्या शतकांत ग्रानाडा शहरांत देवाचा संत योहान ह्यास वेडा समजून कोंडलें व फटके मारले. सुटल्यावर त्यानें स्वतःच रुग्णालय काढलें. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं त्यास रोग्यांचा आश्रयदाता संत ठरविलें. त्याचा सण ८ मार्चला, म्हणजे बहुधा उपवासकाळांतच, येतो.

घरीं परतलेल्या माणसाचें पुढें काय? पहिलें वर्ष कठीण. कोणी पुन्हां घसरतो. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्यास पापी म्हणत नाहीं, औषध बदलून घेतों. येथेंही तसेंच करावें. लग्नाच्या पंगतींत "आज तरी घोटभर घे" असा आग्रह करणारा पाहुणा मात्र आम्हांस देवऋषाहून घातक वाटतो. अडचणीच्या वेळीं १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस, मराठींतही, विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटीं मंडळींपुढें एक मागणें ठेवतों. १९३५ सालीं अमेरिकेंत दोन मद्यपींनीं एकमेकांस सांवरण्यासाठीं 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' हा मेळा सुरू केला. तशा सभेस मोठा खर्च लागत नाहीं. सभागृहामागील लहान खोली आठवड्यांतून एक संध्याकाळ मिळावी. बांकें आहेतच, चहाचें आम्ही पाहूं. नांवांची वही ठेवावयाची नाहीं, आणि दुसरा दरवाजा मागच्या गल्लींत उघडतो, तो त्या वेळेपुरता उघडा असावा.