स्थानिक निवडणुका व संयुक्त मंत्रिमंडळाची परीक्षा
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावर पक्षप्रचार करावयाचा नाही, हा आपला जुना नियम आम्हांस मान्य आहे. परंतु निवडणुकीचा विचारच वर्ज्य, असा त्याचा अर्थ काही मंडळी करितात, तो मात्र मान्य नाही. घरचा नळ, दारचे गटार आणि मुलांच्या शाळा यांचा कारभार जेथून चालतो, तेथील निवडणुकीविषयी आपण बोलावयाचे नाही, तर कोणी बोलावे?

राज्यात दोन पक्षांचे मिळून मंत्रिमंडळ असले, म्हणजे मध्येच येणारी महापालिकेची निवडणूक ही त्याची सहामाही परीक्षा ठरते. (आमचा जन्म शाळेत गेला, तेव्हा ही उपमा आपण चालवून घ्यावी.) सहामाहीत नापास झाल्याने कोणी वर्गाबाहेर जात नाही, पण शेजारच्या बाकावरील सोबती आपल्यापुढे गेला की काय, हे कळते.

मुंबईत 2017 साली हेच घडले. भाजप व शिवसेना डिसेंबर 2014 पासून राज्याच्या मंत्रिमंडळात एकत्र होते. तथापि 26 जानेवारी 2017 रोजी उद्धव ठाकरे यांनी युती नाही असे जाहीर केले. सेनेचे मंत्री राजीनामे खिशात असल्याचे सांगू लागले. दिवसा एका मंत्रिमंडळात बसणारे पक्ष सायंकाळी सभांतून एकमेकांवर तुटून पडत. 23 फेब्रुवारीस निकाल लागला. 227 जागांपैकी सेनेस 84 व भाजपास 82. बहुमतास 114 हवे होते, ते कोणासच लाभले नाही. 2012 साली भाजपाचे नगरसेवक अवघे 31 होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिला क्रमांक राखूनही सेनेस चिंता का वाटावी, ते उमगते. नागपुरात भाजपास 151 पैकी 108, तर ठाण्यात सेनेस 131 पैकी 67 जागा मिळाल्या; ज्याने त्याने आपल्या सोयीची गुणपत्रिका मिरविली. पुढे मुंबईच्या महापौरपदासाठी भाजपाने उमेदवार दिला नाही, सेनेचा महापौर झाला, राजीनामे खिशातच राहिले आणि मंत्रिमंडळ 2019 पर्यंत टिकले.

या चुरशीने एक हित साधले, हे कबूल केले पाहिजे. 2012 साली सुमारे 45 टक्के असलेले मुंबईचे मतदान सुमारे 55 टक्क्यांवर गेले. परंतु मंत्रिमंडळ राहते की जाते, याच चर्चेत पाणी व कचरा हे विषय मागे पडले.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि ही परीक्षा जानेवारी 2026 पर्यंत झालीच नाही. तोवर प्रशासकाचा कारभार. त्या काळात चाळीचे गटार तुंबले, तर निवडून दिलेल्या कोणा माणसाच्या दारी जावे, हेच कळेनासे झाले होते. मंत्रिमंडळे बदलली, आमच्या मते सामान्य कुटुंबाचे खरे नुकसान या रिकाम्या काळात झाले.

मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेविली आहे. प्रत्येक कुटुंबाने तीत आपला प्रभाग क्रमांक, नगरसेवकाचे नाव व आपली अडचण स्वच्छ अक्षरांत लिहावी. नाव ठाऊक नसल्यास शेजाऱ्यास विचारून लिहावे.