इंजिनाचा पट्टा



करी रोडच्या पुलावर उभें राहिलें असतां आज उंच इमारती दिसतात. त्या भागांत एके काळीं कापडाच्या गिरण्या होत्या. जुन्या गिरणींत प्रत्येक मागाला वेगळें इंजिन नसे. वाफेचें एक मोठें इंजिन दोरखंडांच्या योगें छताजवळचे लांब दांडे फिरवी, आणि त्यांवरून खालीं उतरलेले चामड्याचे पट्टे माग चालवीत. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. परंतु तीच योजना लहान रूपानें आपल्या दारांतल्या मोटारींत अजून नांदते.

मोटारीच्या इंजिनाला एका अंगानें रबराचा पट्टा असतो. मुख्य दांड्याची गति तो वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्राला, आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याच्या पंपालाहि, पोंचवितो. तो सैल असला कीं घसरतो व किंचाळतो. बॅटरी भरत नाहीं, पाणी तापतें. फाजील ताणला तर बेअरिंगें झिजतात.

परीक्षेपूर्वीं इंजिन बंद व थंड असावें आणि किल्ली खिशांत असावी. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें चालत्या यंत्राजवळच्या कामासाठीं शिकलेला मनुष्य आणि अंगाशीं घट्ट कपडे आवश्यक ठरविले होते. ही सावधगिरी घरींहि हवी. सैल बाही किंवा पदर पट्ट्यांत सांपडल्यास बोटें जावयास क्षणहि लागत नाहीं. नव्या गाड्यांतील विजेचा पंखा तर इंजिन बंद असतांहि एकाएकीं फिरूं शकतो.

मग पट्टा किंचित् पिळून आंतली बाजू पाहावी. भेगा, सुटलेले दोरे, कांचेसारखी चकाकी किंवा तेलाचे डाग दिसल्यास तो बदलावा. पांचरीच्या आकाराचा जुन्या धर्तीचा पट्टा दोन चाकांमधील लांब भागीं अंगठ्यानें दाबावा. साधारणतः अर्धा इंच लवणें योग्य, तरी गाडीच्या पुस्तकांतील माप अखेरचें. ताण कमी असल्यास डायनामोचे बोल्ट सैल करून तो बाहेर सरकवावा व बोल्ट पुन्हां आवळावे. नव्या रुंद, रेघांच्या पट्ट्याला बहुधा आपोआप ताण देणारें चाक असतें. तेथें अंगठ्याचा हिशेब लावूं नये.

नवा पट्टा त्याच मापाचा घ्यावा. पेंचकसानें रेटून तो चाकावर चढवूं नये. आंतले दोरे तुटतात. कांहीं दिवस गाडी चालल्यावर ताण पुन्हां पाहावा, कारण नवा पट्टा थोडा सैलावतो.

कित्येक इंजिनांत झांकणाआड दुसराहि एक पट्टा असतो. तो झडपांची वेळ सांभाळतो. तो तुटल्यास कांहीं इंजिनांत झडपा दट्ट्यावर आदळून मोठी हानि होते. तो मात्र पुस्तकांत दिलेल्या मुदतींत जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावा.

वाटेंत बॅटरीचा लाल दिवा लागला व पाणी तापूं लागलें, तर गाडी तत्काळ बाजूला थांबवावी, आणि रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये. घर जवळ आलें म्हणून गाडी तशीच पुढें नेल्यास, पट्ट्याच्या अल्प किंमतीसाठीं सारें इंजिन गमावण्याचा प्रसंग येतो.