चीअरडान्स : एक सामुदायिक व्यायाम
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील काही मुलींनी आजच्या कार्यक्रमात चीअरडान्स सादर करण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा कार्यकारिणीत पुष्कळ खल झाला. “हे परदेशी सोंग आपल्याकडे कशाला?” असा एका ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न होता. खरे सांगावयाचे तर प्रथम माझेही मत त्यांच्यासारखेच होते. २००८ साली आयपीएलचे सामने सुरू झाले, त्या वेळी सीमारेषेजवळ नाचणाऱ्या तरुणी पाहिल्या, एवढीच माझी माहिती! म्हणून थोडा अभ्यास केला. तो आपणांपुढे ठेवतो.

या प्रकाराचा उगम अमेरिकेतील. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने सर्वांकडून एका सुरात घोषणा देवविल्या. नवलाची गोष्ट अशी की, प्रारंभी हे काम पुरुषांचेच मानले जाई; त्या विद्यापीठात स्त्रियांचा त्यात प्रवेश झाला तो १९२३ साली. पुढे घोषणेला कवायतीची आणि कवायतीला नृत्याची जोड मिळाली. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली.

याचा पाया आठ अंकांच्या गणतीवर आहे. आपल्या केरव्याच्याही मात्रा आठच. त्यामुळे तबला ऐकलेल्या मुलांना ही गणती चटकन उमगते. मूठ मिटलेली, अंगठा मुठीबाहेर, मनगट ताठ, कोपर सरळ. आणि हात खांद्यांच्या रेषेमागे न जाता किंचित पुढे. हातांत झिरमिळ्यांचे गोंडे असल्याने एकीचाही हात चुकला तर तो दूरवरून दिसतो. घोषणा घशातून नव्हे, पोटातून द्यावयाची. उडी मारल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरावयाचे. रांगेचा त्रिकोण, त्रिकोणाचे वर्तुळ करताना शेजारणीकडे मान न वळवता तिचे भान ठेवावे लागते. हे शेवटचे सर्वांत कठीण.

दमसास वाढतो, सांधे मोकळे होतात, हे कोणत्याही व्यायामाने होईलच. मला मोलाचे वाटते ते निराळे. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी समूहात मोठ्याने ओरडू शकते, आणि मग हळूहळू एकटीही बोलू लागते. लेझमीच्या पथकात हे मी अनेकदा पाहिले आहे. अशीच एक विद्यार्थिनी आमच्या पथकात होती. ती मोठी झाली म्हणून वडिलांनी तिला काढून नेले. मी शिक्षक असून गप्प बसलो. ती पुढे मैदानाच्या कडेला बसून पथकाकडे पाहत असे. कार्यकारिणीत मी मुलींच्या बाजूने मत दिले, त्याचे कारण हेच.

पोशाखाविषयीच्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे : सलवार-कुडत्यातही हे सर्व करता येते, आणि आज मुली तसेच करणार आहेत.

मात्र एका गोष्टीत मी कठोर आहे. एकमेकींच्या खांद्यांवर उभे राहणे, वर फेकणे हे प्रकार प्रशिक्षित मार्गदर्शकावाचून करू नयेत. मोठ्या दुखापती तेथेच होतात. साध्या उड्यांसाठीही आपल्या सभागृहाची फरशी फार गुळगुळीत आहे, आणि सतरंजी तर तिच्यावरून सरकते. कुस्तीसाठी वापरतात तशा जाड गाद्या मंडळाने घ्याव्यात, अशी माझी कोषाध्यक्षांना विनंती आहे. माझ्यातर्फे पहिल्या गादीची रक्कम मी आजच त्यांच्याकडे दिली आहे.